पांढरे मणी की निळे? एका मसाई पोस्टकार्डची नोंद

चौदा बाय नऊ सेंटिमीटरचं कार्ड. चित्रात दोघं जण उभे आहेत. पुरुषाच्या हातात भाला आणि ढाल, केस लांब, बारीक पिळांचे, मागे वळवून बांधलेले. बाईचं डोकं गुळगुळीत, कानांतून लोंबणारी तारेची चपटी वेटोळी, गळ्यात रुंद साज, हातात चामड्याच्या टोपणाचा लांबट तुंबा. खाली छापलेला मथळा: 'मसाई योद्धा आणि त्याची बायको'. मागे ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याचं सहा सेंटचं तिकीट.

हे कार्ड नमुन्याचं आहे. मसाई म्हणजे आजच्या केनिया आणि टांझानियातले गुरं पाळणारे लोक. पूर्व आफ्रिकेच्या जुन्या कार्डांत आणि प्रिंटांत पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या अडचणी इथे एकाच चित्रात मुद्दाम जमवल्या आहेत. काम एवढंच की संग्रहाच्या वहीत याची नोंद करायची: काय दिसतं, कधीचं, कुठलं, कोणत्या वस्तू आणि कोणते रंग. शेवटचा रकाना सगळ्यांत सोपा वाटतो आणि सगळ्यांत जास्त चुका त्यातच होतात.

पहिला नियम, मथळा झाकून ठेवायचा. खरोखर कागदाची पट्टी ठेवायची. एकदा 'योद्धा आणि त्याची बायको' वाचलं की डोळा नवरा-बायकोच शोधतो.

कागद काय सांगतो

दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन बाईच्या गालावर धरा. ठिपक्यांची सरळ जाळी दिसली तर हाफटोन. सुरकुतलेल्या सायीसारखे, अळ्यांसारखे वळवळणारे कण दिसले तर कोलोटाइप, म्हणजे काचेवरच्या जिलेटिनच्या थरावरून शाईने केलेली छपाई. काहीच नक्षी दिसली नाही आणि करड्या छटा सलग उतरत गेल्या तर खरा फोटो-कागद. आपल्या कार्डावर अळ्या आहेत, म्हणजे कोलोटाइप. हा छापखान्याचा माल झाला. त्या काळी अशी कार्डं मोठ्या संख्येने जर्मनीत छापून यायची, त्यामुळे निगेटिव्ह आणि कार्ड यांच्यामध्ये एक समुद्र आणि बरेच हात आहेत हे गृहीत धरायचं.

मागची बाजू मधोमध रेघेने दुभागलेली आहे, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता. ब्रिटनमध्ये ही मुभा १९०२ मध्ये मिळाली, इतर देशांत पुढच्या काही वर्षांत. तिकीट आणखी नेमकं सांगतं. पूर्व आफ्रिका आणि युगांडा संरक्षित प्रदेशाचं चलन तेव्हा रुपया होतं, आपलाच हिंदुस्थानी रुपया. १९०३-०४ च्या तिकिटांवर किंमत आण्यात आहे. मग रुपयाचे शंभर सेंट झाले आणि १९०७ पासून तिकिटं सेंटांत आली. १९१२ मध्ये पाचव्या जॉर्जचा चेहरा आला. एडवर्ड आणि सेंट एकत्र म्हणजे कार्ड १९०७ नंतर टपालात पडलं, आणि बहुधा नवी तिकिटं येण्याआधीच.

इथे घाई नडते. तिकीट टपालाची तारीख देतं, फोटोची देत नाही. स्टुडिओ विकला की काचेच्या निगेटिव्हची कपाटंही विकली जायची आणि नवा मालक त्याच प्लेटांवरून दहा वर्षं कार्डं काढायचा. झांझिबारला गोम्स, किनाऱ्यावर कुटिन्हो बंधू, युगांडात एन्टेबेला आल्फ्रेड लोबो असे गोव्याहून गेलेले छायाचित्रकार या धंद्यात होते. स्टुडिओचं नाव छापलेलं असलं तरी ते विक्रेत्याचं, प्रकाशकाचं की कॅमेऱ्यामागे उभं राहिलेल्या माणसाचं, हे वेगळं तपासावं लागतं. म्हणून नोंदीत दोन तारखा: 'टपाल: १९०७ नंतर' आणि 'निगेटिव्ह: टपालाआधी कधीही, वस्तूंवरून ठरवणे'.

चित्र उलटं आहे

मसाई पुरुषाची तलवार, ओलालेम, उजव्या कमरेला असते. ढाल डाव्या हातात आणि भाला उजव्या. आपल्या चित्रात तलवारीची मूठ त्याच्या डाव्या कमरेला दिसते, ढाल उजव्या हातात आहे. एखादा डावखुरा असू शकतो. पण तलवार, ढाल आणि भाला तिन्ही एकदम फिरले असतील तर माणूस डावखुरा नाही, प्रिंट उलटं आहे.

हे कसं होतं? काचेच्या प्लेटवर एका बाजूला जिलेटिनचा थर असतो. ती बाजू कागदाला चिकटवून छापली तर चित्र सरळ येतं. कोलोटाइपमध्ये छपाईच्या काचेवरून शाई थेट कागदावर उतरते, म्हणजे चित्र एकदा जास्त फिरतं. त्यासाठी निगेटिव्हच आधी उलटं करून घ्यावं लागे, थर काचेवरून सोडवून पालथा घालावा लागे. ही पायरी चुकली की आरशातलं चित्र छापलं जातं. मथळा वेगळा, खिळ्यांनी जुळवलेला असल्याने तो सरळच वाचता येतो आणि कुणाला संशय येत नाही. निगेटिव्हवरच लिहिलेला आकडा सापडला तर मात्र सोनं. शाईने लिहिलेला आकडा प्रिंटवर पांढरा येतो, खरवडलेला काळा. तो आकडा उलटा दिसला की वादच मिटतो. आपल्या कार्डावर आकडा नाही, त्यामुळे तलवारीवरच भिस्त.

स्कॅन फिरवताना मूळ स्कॅनला हात लावायचा नाही. फिरवलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवायची आणि नोंदीत 'डावा-उजवा फिरवून वाचले' असं लिहायचं. ढालीवरच्या खुणांना डावी-उजवी बाजू असते, म्हणून हा सोपस्कार पुढे उपयोगी पडतो.

रंग

मुख्य प्रश्न इथे आहे. बाईच्या गळ्यातला साज चित्रात पांढरा आणि काळा, आलटून पालटून. ढालीवर पांढऱ्या जमिनीवर काळ्या खुणा. पुरुषाची त्वचा आणि केस जवळपास शाईसारखे, वर पांढरी चकाकी. 'काळ्या-पांढऱ्या मण्यांचा साज, काळ्या नक्षीची ढाल' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. ते जवळजवळ नक्कीच चूक ठरेल.

१८८० नंतर सगळीकडे वापरात आलेल्या साध्या कोरड्या जिलेटिन प्लेटांना फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा अदृश्य अतिनील प्रकाश दिसतो. हिरवा फारसा नाही, लाल अजिबात नाही. म्हणूनच लाल दिव्याखाली प्लेट बिनधास्त धुता येत असे. प्लेटला जे दिसत नाही ते प्रिंटवर काळं पडतं, जे झगझगीत दिसतं ते पांढरं. म्हणजे निळा मणी आणि पांढरा मणी दोन्ही पांढरे, लाल मणी आणि काळा मणी दोन्ही काळे, पितळ आणि तांबं डोळ्याला दिसतं त्याहून बरंच गडद. १८८० च्या दशकात हिरव्या-पिवळ्यालाही प्रतिसाद देणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा बाजारात आल्या, तरी लाल काळाच राहिला. सगळे रंग पकडणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेटा १९०६ च्या सुमारास विक्रीला आल्या आणि प्रवासी छायाचित्रकाराच्या पेटीत पोचायला त्यांना आणखी वेळ लागला.

आता ढाल घ्या. एलोंगो म्हणजे म्हशीच्या कातड्याची ढाल. आफ्रिकन रानम्हशीचं कातडं, आपल्या गोठ्यातलं नव्हे. तिच्यावरच्या खुणांना सिराता म्हणतात. त्यावरून तरुणाचा वयोगट आणि तुकडी ओळखता येई. या खुणा पांढऱ्या, काळ्या, करड्या आणि लाल रंगांत असत आणि लाल की काळा हा फरक अर्थाचा असे. साध्या प्लेटवर नेमका तोच फरक पुसला जातो. गेरूचा लाल आणि कोळशाचा काळा शेजारी शेजारी असले तरी त्यांच्यातली सीमारेषासुद्धा दिसत नाही. कार्डावर एक मोठा काळा आकार दिसतो, प्रत्यक्षात ते दोन रंगांचे दोन आकार असू शकतात.

त्वचेचंही तेच. मोरान, म्हणजे तरुण योद्धे, अंगाला आणि केसांना चरबीत कालवलेला गेरू लावत. प्लेटला लाल दिसत नाही म्हणून गेरू काळा पडतो, आणि चरबीमुळे उन्हाचा परावर्त पांढरा चमकतो. काळा संगमरवर पॉलिश केल्यासारखं शरीर दिसतं ते यामुळे. त्या काळच्या लेखनात फोटो समोर ठेवून माणसांच्या वर्णाबद्दल ठाम विधानं केलेली आढळतात. ती विधानं खरं तर प्लेटच्या आंधळेपणाबद्दल आहेत.

प्लेट कोणती होती हे चित्रातूनच ओळखायचं. आधी आकाश पाहा. निळं आकाश साध्या प्लेटवर कोरं पांढरं येतं, ढग त्यात बुडून जातात. ढग स्पष्ट दिसत असतील तर ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट आणि भिंगापुढे पिवळी काच वापरली असावी, किंवा छापखान्यात दुसऱ्या निगेटिव्हमधले ढग चिकटवले असावेत. दुसरी शक्यता तपासायला सावल्या पाहा: माणसांवरचं ऊन एका बाजूने आणि ढगांवरचं दुसऱ्या बाजूने असेल तर ढग उसने आहेत. मग झाडी पाहा. पानं डांबरासारखी काळी असतील तर साधी प्लेट. आपल्या कार्डावर आकाश कोरं, मागची बाभूळवर्गीय झाडी काळी. साधी प्लेट.

यावर एक घरगुती चाचणी आहे आणि ती फार कामाची आहे. ज्याचे रंग ठाऊक आहेत अशा मसाई साजाचा किंवा ढालीचा रंगीत फोटो घ्या. मोठ्या संग्रहालयांची अशी चित्रं खुली असतात. फोटो सुधारायच्या कुठल्याही प्रणालीत लाल आणि हिरवी वाहिनी शून्यावर आणा आणि फक्त निळी वाहिनी करड्या छटेत पाहा. साधी प्लेट जे पाहायची त्याच्या बरंच जवळ जाता येतं. लाल-पांढरा-निळा साज डोळ्यांदेखत काळा-पांढरा-पांढरा होतो. अतिनील प्रकाश डिजिटल कॅमेरा पकडत नाही, त्यामुळे जुळणी तंतोतंत नसते. पण 'काळा म्हणजे काळाच' हा समज घालवायला एवढं पुरतं.

चाचणीनंतर नोंदीची भाषा बदलते. 'पांढरे मणी' ऐवजी 'फिकट दिसणारे मणी (पांढरे किंवा निळे)'. 'काळी नक्षी' ऐवजी 'गडद नक्षी (काळी किंवा लाल, किंवा दोन्ही)'. वाचायला कंटाळवाणं आहे, पण खरं आहे. याच चित्राचं हाताने रंगवलेलं कार्ड सापडलं तर आनंदून जाऊ नये. ते रंग परदेशातल्या छापखान्यात, मसाई साज कधी न पाहिलेल्या कारागिराने भरलेले असतात. रंगीत कार्ड हा रंगाचा पुरावा नाही.

प्लेट इतकी कुरूप का निघाली

चित्राच्या कडेला थर सुरकुतून झालरीसारखा उठलेला दिसतो, वरच्या कोपऱ्यात वितळलेल्या मेणासारखा ओघळ आहे. हा दोष छपाईचा नाही, धुलाईचा आहे. जिलेटिनचा थर वीसेक अंशांपर्यंत नीट राहतो. पाणी पंचवीस अंशांच्या वर गेलं की फुगून मऊ होतो, काचेची पकड सोडतो आणि कडेपासून उचलला जातो. उपाय म्हणजे तुरटीच्या द्रावणात बुडवून थर कडक करणं, आणि शक्यतो पहाटेच्या थंड पाण्यात काम उरकणं. नदीचं पाणी गढूळ असलं की गाळाचे कण थरात रुततात आणि प्रिंटवर पांढरे ठिपके पडतात. वाळत ठेवलेली प्लेट किडे चाटून जातात. धुणं किनाऱ्यावर पोचेपर्यंत पुढे ढकललं तर दमटपणाने डाग धरतात.

वजनाचा हिशेबही लक्षात घ्यावा. साडेसहा बाय पावणेपाच इंचाची 'हाफ प्लेट' दीड मिलिमीटर जाडीची धरली तर एक काच पाऊणशे ग्रॅमच्या आसपास, डझन साधारण नऊशे ग्रॅम. एका हमालाचं ओझं तीसेक किलोचं. त्यात कॅमेरा, तिपाई, प्लेटांचे डबे, रसायनं, तबकड्या. मोंबासाहून १८९६ मध्ये सुरू झालेला रेल्वेमार्ग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला भिडला आणि हे ओझं एकदम हलकं झालं. पण त्यामुळे चित्रंही रेल्वेच्या काठाकाठाने गोळा होऊ लागली. स्टेशनाजवळ, सरकारी ठाण्याजवळ जे आले त्यांचे फोटो निघाले. दूरच्या एन्कांगमध्ये, म्हणजे काटेरी कुंपणाच्या वस्तीत, पहाटे दूध काढताना कोणाचं चित्र क्वचितच निघालं, कारण त्या उजेडात प्लेटला स्थिर माणूस हवा आणि गाय कोणाचं ऐकत नाही.

म्हणून आपल्या चित्रातला तुंबा रिकामा असण्याची शक्यता मोठी. तो 'धरायला दिलेला' आहे.

वस्तू वाचायच्या त्या अशा

तुंबा आधी. मसाई भाषेत एन्कुकुरी. लांबट भोपळा पोखरून केलेला, वर चामड्याचं टोपण, खांद्याला अडकवायला चामड्याचा पट्टा. आतून साफ करायला पाण्याऐवजी जळकं लाकूड वापरतात. रानऑलिव्हच्या, म्हणजे ओलोरिएनच्या, काडीचं पेटतं टोक आत फिरवतात, मग राख झटकून टाकतात. धुराने तुंबा निर्जंतुक होतो, दूध टिकतं आणि त्याला धुरकट वास लागतो. भिंगाखाली तोंडाच्या कडेवर काळसर वलय दिसलं तर तुंबा वापरातला आहे. कडा स्वच्छ फिकट असेल तर नवा किंवा फोटोपुरता. या कार्डावर कोलोटाइपचे कण आड येतात आणि कडा ठरवता येत नाही. नोंदीत 'दुधाचा तुंबा' असंही लिहू नये. रक्ताला आणि मधाच्या मद्यालाही तुंबेच असतात आणि बाहेरून सगळे सारखे दिसू शकतात. 'टोपण व पट्टा असलेला तुंबा' एवढंच.

आता कानातली वेटोळी. ही तारेची दुहेरी चकती म्हणजे इसुरुतिया, विवाहित बाईचा दागिना. ती पितळेची किंवा तांब्याची असते. प्लेटवर गडद पडते आणि वळणांवर पांढरी रेघ चमकते, म्हणून पुष्कळदा लोखंडी समजली जाते. लोखंडी तार वेगळी: ती बायका दंडावर, मनगटावर, पोटऱ्यांवर वेटोळ्यांनी घालत. मणी आणि तार दोन्ही किनाऱ्यावरून काफिल्यांबरोबर येई. कापडही तसंच. चित्रातल्या पुरुषाच्या खांद्यावर चामडं आहे की मळका सुती तुकडा हे घडीवरून ओळखावं: चामडं ताठ, मोठ्या पन्हाळीसारखं वळतं, कापडाला बारीक चुण्या पडतात. इथे बारीक चुण्या आहेत. 'अमेरिकानी' नावाने विकलं जाणारं कोरं जाडं कापड आधी अमेरिकेहून येई आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरण्यांच्या मालाने त्याच्याशी स्पर्धा मांडली. हा तुकडा त्यातला कोणता ते फोटो सांगणार नाही.

आता मथळ्यावरची पट्टी काढायची. 'योद्धा आणि त्याची बायको'.

पुरुषाचे लांब, पिळाचे केस तो अजून मोरान असल्याची खूण. एउनोतोच्या, म्हणजे मोरानला पुढच्या टप्प्यात नेणाऱ्या, विधीत ते केस भादरले जातात आणि ते काम आई करते. त्या काळच्या रीतीप्रमाणे तो टप्पा ओलांडल्याशिवाय मोरानचं लग्न होत नसे. बाईच्या कानांत इसुरुतिया, म्हणजे ती विवाहित. दोन्ही खुणा खऱ्या असतील तर ती त्याची बायको नाही. कदाचित आई असेल, एखाद्या वडीलधाऱ्याची बायको असेल, किंवा त्या दिवशी ठाण्यावर आलेली कोणी. ही जोडी छायाचित्रकाराने जुळवली आणि मथळा छापखान्याने. मथळा नोंदीत जसाच्या तसा अवतरणात जातो आणि खाली शेरा पडतो.

'मसाई' हा शब्दही तपासायचा. नंदी आणि किकुयू या शेजारच्या लोकांतल्या तरुणांनी मसाई धाटणीची शस्त्रं आणि वेश उचलले होते. १८८० च्या दशकात गुरांचा फुफ्फुसरोग, मग १८९१ च्या सुमारास बुळकांडी आणि पाठोपाठ देवीची साथ आली. मसाई त्या काळाला एमुताई म्हणतात, सगळं पुसून गेल्याचा काळ. गुरं मेली तशी कित्येक कुटुंबं किकुयू शेतकऱ्यांकडे आसऱ्याला गेली. वस्तू, वेश आणि माणसं इतकी मिसळली की एका भाल्यावरून लोक ठरवणं धोक्याचं. त्यात कार्डांवरची नावंही बाहेरच्यांनी पाडलेली: 'लुम्ब्वा' म्हणजे किप्सिगिस, 'सुक' म्हणजे पोकोट, आणि 'काविरोंडो' म्हटलं की लुओ आणि लुह्या दोघंही. आपल्या चित्रात इसुरुतिया, केस, तलवार आणि ढालीची धाटणी एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून 'मसाई' टिकतं.

शब्दांची जुळणी करताना आल्फ्रेड क्लॉड हॉलिस यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेला मसाई भाषेचा अभ्यास आणि मोरिट्झ मेर्कर यांचं १९०४ चं जर्मन काम हाताशी ठेवतात. दोघंही सरकारी नोकरीतली माणसं, एक ब्रिटिश, एक जर्मन. त्यांची वस्तूंची नावं उपयोगी, वंशाबद्दलचे तर्क सोडून द्यावेत. मेर्करने मसाईंचं मूळ थेट बायबलमधल्या लोकांपर्यंत नेऊन भिडवलं होतं. पुस्तकांहून जास्त उपयोग होतो तो वस्तू वापरणाऱ्यांचा. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात २०१७ पासून मसाई प्रतिनिधींनी वस्तू पाहिल्या तेव्हा चुकीची लेबलं तर निघालीच; शिवाय ओरकातार नावाचं कडं बापाकडून मुलाकडेच जातं, ते विकलं किंवा दिलं जात नाही, हे कळलं. म्हणजे संग्रहालयात ते कडं असणं हीच एक नोंद झाली: ते राजीखुशीने आलेलं नसावं. फोटोतही अशी वस्तू दिसू शकते, म्हणून चित्र जालावर टाकण्याआधी दाखवून घेणं हा नोंदीचाच भाग धरावा.

नोंद शेवटी अशी उतरते:

'कोलोटाइप पोस्टकार्ड, १४ × ९ सेंमी, मागील बाजू दुभागलेली, एडवर्ड सातवा ६ सेंट तिकीट. टपाल १९०७ नंतर. निगेटिव्ह टपालाआधीचे, साधी काचेची प्लेट (आकाश कोरे, झाडी काळी), कडेला थर उचललेला. चित्र डावे-उजवे उलटे छापलेले (तलवार डाव्या कमरेला). मोरान: लांब पिळाचे केस, भाला, तलवार, ढाल, ढालीवरील नक्षी गडद, काळी व/किंवा लाल. खांद्यावर सुती कापड. विवाहित स्त्री: इसुरुतिया, फिकट (पांढरे किंवा निळे) व गडद (काळे किंवा लाल) मण्यांचा साज, टोपणाचा तुंबा. छापील मथळा: "मसाई योद्धा आणि त्याची बायको". शेरा: नाते मथळ्यापुरते, केशरचना व कर्णभूषण त्याच्याशी जुळत नाहीत.'